रंगीत साखरगोळी घरच्या घरी : पाकाचे शास्त्र, रंगांची निवड आणि कीटकांचा वाटा

प्रस्तावना

संक्रांतीचा काटेरी हलवा, गुढीपाडव्याची गाठी, जत्रेतील रेवड्या आणि शाळेजवळच्या दुकानातील बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या हे सर्व पदार्थ साखरेच्या पाकापासूनच तयार होतात. यांपैकी पारदर्शक, रंगीत व कडक गोळी घरी किंवा बचत गटाच्या पातळीवर बनविणे फारसे खर्चिक नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, जाड बुडाचे पातेले आणि विश्वासार्ह तापमापक एवढ्या साधनांवर काम सुरू करता येते. तरीही अनेक ठिकाणी पहिल्याच प्रयत्नात गोळ्या रवाळ होतात, दोन दिवसांत चिकट होतात किंवा त्यांचा रंग बदलतो.

यापेक्षा गंभीर प्रश्न रंगांचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'म्हातारीचा कापूस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साखरेच्या पदार्थात ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग आढळल्याने पुदुच्चेरी व तमिळनाडू येथे त्याच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. गोळ्या व मिठाई खाणारा मुख्य ग्राहक लहान मूल असते. त्याच्या शरीराचे वजन कमी असल्याने रंगाची तीच मात्रा त्याच्यासाठी प्रौढांच्या तुलनेत जास्त ठरते. म्हणून गोळी बनविणाऱ्याने पाकाबरोबरच रंगाचे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. या विषयात कीटकांचाही दुहेरी संबंध येतो. काही कीटक खाद्यरंग व चकाकी देणारे द्रव्य पुरवितात, तर काही कीटक साखरेकडे आकर्षित होऊन उत्पादनात अडथळा आणतात.

खडीसाखर, गाठी आणि पारदर्शक गोळी

या तीन पदार्थांत मूळ द्रव्य एकच असले तरी साखरेच्या रेणूंची मांडणी वेगवेगळी असते. खडीसाखरेत पाक संथपणे थंड होऊ दिला जातो. त्यामुळे रेणूंना शिस्तबद्ध रचना करण्यास वेळ मिळतो व मोठे स्फटिक वाढतात. गाठीचा पाक घोटून साच्यात ओततात. घोटण्यामुळे असंख्य सूक्ष्म स्फटिक एकाच वेळी तयार होतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरल्याने गाठी पांढरी व अपारदर्शक दिसते. कडक गोळीत मात्र पाणी जवळजवळ पूर्ण आटवून पाक त्वरेने थंड केला जातो. रेणूंना जागा घेण्यास अवधी न मिळाल्याने ते विस्कळीत अवस्थेतच गोठतात. या अवस्थेस शास्त्रीय परिभाषेत 'काचरूप' असे म्हणतात. खिडकीच्या काचेप्रमाणेच ही गोळी पारदर्शक, कडक व ठिसूळ असते.

काचरूप अवस्था अस्थिर असते. ओलावा मिळाला अथवा तापमान वाढले तर रेणू पुन्हा हालचाल करू लागतात. मग गोळी प्रथम चिकट होते व पुढे तिच्या पृष्ठभागावर पांढरे रवे धरतात. संपूर्ण कोरडी साखरकाच साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते. तिच्यातील पाण्याचा प्रत्येक टक्का ही मर्यादा कित्येक अंशांनी खाली आणतो. पाक थोडा कच्चा राहून गोळीत चार-पाच टक्के पाणी शिल्लक असेल, तर विदर्भातील उन्हाळ्याच्या तापमानातच ती गोळी आकार सोडते. म्हणून गोळीतील पाणी दोन ते तीन टक्क्यांवर आणणे हे या संपूर्ण कृतीचे मुख्य उद्दिष्ट आहे.

पाकाच्या अवस्था

पाकातील पाणी जसजसे कमी होते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू वाढतो. त्यामुळे उकळत्या पाकाचे तापमान हेच त्यातील पाण्याचे माप ठरते. समुद्रसपाटीलगतच्या ठिकाणी पुढील अवस्था लक्षात ठेवाव्यात.

• ११२ ते ११६ अंश : थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. हा गोळीबंद पाक होय.
• १२१ ते १३० अंश : पाण्यात घट्ट, पण दाबली जाणारी गोळी होते.
• १३२ ते १४३ अंश : थेंबाचे तंतू होतात, ते वाकतात व मग तुटतात.
• १४९ ते १५४ अंश : तंतू पाण्यात पडताच कडक होतो व वाकविल्यास 'कट्' असा आवाज करून मोडतो. कडक गोळीसाठी हीच अवस्था योग्य होय.
• १६० अंशांच्या पुढे : पाक पिवळसर ते तपकिरी होऊ लागतो, करपट वास येतो व कोणताही रंग स्वच्छ उठत नाही.

उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तापमापक उकळत्या पाण्यात धरून पाहावा. तो ९६ अंश दाखवीत असेल, तर वरील प्रत्येक आकड्यातून चार अंश वजा करावेत. तापमापक जुना असून चुकीचे माप दाखवीत असेल, तर ती चूकही याच पद्धतीने भरून निघते. त्यासोबत थंड पाण्यातील थेंबाची परीक्षाही घ्यावी.

साहित्य

एका वेळी एकाच रंगाचा लहान घाणा घेणे सोयीचे असते. पाक फार लवकर घट्ट होत असल्याने एकाच घाण्याचे अनेक भाग करून वेगवेगळे रंग मिसळणे नवशिक्यास जमत नाही. एका घाण्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे.

• स्वच्छ पांढरी साखर : २५० ग्रॅम
• लिक्विड ग्लुकोज : १०० ग्रॅम
• पाणी : ८५ ते ९० मिलिलिटर
• सायट्रिक आम्ल : अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा चमचा
• रंग व स्वाद : पुढे दिल्याप्रमाणे
• ताटाला लावण्यासाठी तूप किंवा तेल

यातून साधारण ३२५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी पाच ग्रॅम वजनाच्या सुमारे ६५ गोळ्या मिळतात.

लिक्विड ग्लुकोजचे कार्य समजून घेणे महत्त्वाचे आहे. केवळ साखरेचा पाक थंड होताना रेणू सहज एकमेकांशी जुळतात व पाक रवाळतो. ग्लुकोज व त्याच्या लांब साखळ्या या जुळणीत अडथळा आणतात. लिक्विड ग्लुकोज उपलब्ध नसल्यास सुरुवातीस अर्धा चमचा लिंबाचा रस घालता येतो. त्यातील आम्लामुळे साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते आणि तोच परिणाम साधतो. मात्र फ्रुक्टोज हवेतील ओलावा जोराने शोषते. रस जास्त पडला किंवा पाक फार वेळ मंद आचेवर राहिला, तर विघटन वाढून गोळी चिकट होते. मध वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. कारण मधात फ्रुक्टोजचे प्रमाण अधिक असते. मधाचा स्वाद हवा असल्यास तो एक-दोन चमच्यांपुरताच ठेवावा. गुळात विघटित साखर व खनिजे मुळातच असल्याने त्याची गोळी गडद व लवकर पाझरणारी होते. तिची चव उत्तम असली तरी रंगीत गोळीसाठी गूळ योग्य नाही.

कृती

१. स्टीलच्या ताटाला किंवा सिलिकॉनच्या साच्याला तुपाचा पातळ हात लावून ठेवावा. आम्ल, रंग व स्वाद मोजून जवळ ठेवावेत. पाक तयार झाल्यावर मोजमाप करण्यास वेळ मिळत नाही.

२. जाड बुडाच्या पातेल्यात साखर व पाणी घेऊन मध्यम आचेवर ढवळावे. साखर पूर्ण विरघळल्यावरच लिक्विड ग्लुकोज घालावे.

३. पाकाला उकळी येताच ढवळणे थांबवावे. पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या कुंचल्याने पुसून घ्यावेत, अथवा दोन मिनिटे झाकण ठेवावे; वाफेने ते विरघळतात. असा एक कण पाकात पडला तरी त्याभोवती स्फटिक वाढून संपूर्ण घाणा रवाळू शकतो.

४. आच थोडी वाढवून पाक १५० अंशांपर्यंत नेावा. ११० अंशांपर्यंत तापमान हळूहळू चढते. १४० अंशांनंतर मात्र ते झपाट्याने वाढते. या टप्प्यावर पातेल्यापासून दूर जाऊ नये.

५. पातेले आचेवरून उतरवून पाकातील बुडबुडे शांत होऊ द्यावेत. तापमान १४० अंशांच्या आसपास असताना रंग आणि १३० अंशांच्या सुमारास सायट्रिक आम्ल व स्वाद मिसळावा. आम्ल सुरुवातीस घातल्यास साखरेचे अतिरिक्त विघटन होते, तर स्वाद लवकर घातल्यास तो उडून जातो.

६. पाक ताटात पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पसरावा. कडा धरू लागताच तेल लावलेल्या सुरीने चौकोनी रेघा पाडाव्यात. पूर्ण थंड झाल्यावर रेघांवर दाब दिला की वड्या सुट्या होतात.

७. वड्या पिठीसाखरेत घोळवून जास्तीची पूड चाळून टाकावी व लगेच हवाबंद बरणीत भराव्यात.

सुरक्षितता : १५० अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा फार घातक असतो, कारण तो त्वचेला चिकटून उष्णता देत राहतो. पाक करताना मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. भाजल्यास तो भाग त्वरित वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, चिकटलेली साखर ओढून काढू नये, हळद, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये व वैद्यकीय साहाय्य घ्यावे. कडक गोळी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. ती श्वासमार्गात अडकण्याचा धोका असतो.

वनस्पतिजन्य रंग

वनस्पतींचे रंग वापरताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो : उष्णता, आम्लता आणि पाणी. रस जसाच्या तसा घातल्यास त्यातील पाण्यामुळे पाक पुन्हा कच्चा होतो. म्हणून प्रत्येक रस मंद आचेवर आटवून एक चमच्यापर्यंत आणावा. तो १४० अंशांना घातल्यास पाक जोराने फसफसतो व तापमान उतरते. पातेले पुन्हा आचेवर ठेवून पाक १५० अंशांवर आणावा आणि मग पुढील कृती करावी.

हळद : पाव चमचा हळद दोन चमचे पाण्यात उकळून फडक्यातून गाळावी. कुर्क्युमिन हे रंगद्रव्य उष्णता चांगली सहन करते व आम्लात पिवळेच राहते. ते पाण्यात नीट विरघळत नसल्याने गोळी किंचित गढूळ दिसते. प्रकाशात हा रंग फिकट होतो. म्हणून बरणी अंधाऱ्या जागी ठेवावी.

कोकम : मीठ न लावलेल्या सुक्या कोकमाची आठ-दहा सालपटे अर्धा वाटी पाण्यात भिजवून रस काढावा व आटवावा. बाजारातील आमसुलांना बहुधा मीठ लावलेले असते, ते येथे चालत नाही. कोकमाचा लाल रंग ॲन्थोसायनिन गटातील असून आम्लात खुलतो. कोकम स्वतःच आंबट असल्याने सायट्रिक आम्ल वगळावे आणि विघटन अधिक होते हे लक्षात घेऊन लिक्विड ग्लुकोज ७५ ग्रॅमच घ्यावे.

गोकर्ण : निळ्या गोकर्णाची पंधरा-वीस फुले पाव वाटी गरम पाण्यात भिजवून रस आटवावा. आम्लाशिवाय गोळी निळी होते, तर सायट्रिक आम्ल घालताच ती जांभळी होते. निळा रंग टिकवायचा असल्यास आम्ल वगळून वेलची किंवा पुदिन्याचा स्वाद द्यावा. एकाच फुलापासून दोन रंग मिळण्याचा हा प्रयोग शाळेतील मुलांना आम्ल व आम्लारी यांचा पाठ शिकविण्यासही उपयोगी पडतो.

हिरवा रंग : पालकाच्या रसातील हरितद्रव्य उष्णता व आम्ल यांमुळे आपला मॅग्नेशियमचा अणू गमावते आणि मळकट तपकिरी-हिरवे होते. त्याऐवजी आम्लविरहित पाकात गोकर्णाचा निळा व हळदीचा पिवळा एकत्र करावा.

बीट : बीटचा रंग पाहताना आकर्षक वाटतो, पण बीटलेन गटातील हे रंगद्रव्य उष्णतेने झपाट्याने नष्ट होते. बीटची बारीक पूड अगदी शेवटी, आम्लाबरोबर घातल्यास फिकट गुलाबी छटा मिळते. गडद लाल रंगाची अपेक्षा ठेवू नये.

कीटकांपासून मिळणारे रंग आणि चकाकी

मराठीतील 'किरमिजी' हा शब्द फारसी भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ किड्यापासून मिळालेला रंग असा आहे. आपल्याकडील 'कृमी' हा शब्द त्याच कुळातील होय. उष्णता व प्रकाश या दोहोंत टिकणारा नैसर्गिक लाल रंग पूर्वीपासून खवले कीटकांनीच पुरविला आहे.

कोचिनिल कीटक, म्हणजे डॅक्टिलोपियस कॉक्कस, निवडुंगावर रस शोषून जगतो. त्याच्या मादीच्या वाळलेल्या शरीरात सुमारे १७ ते २४ टक्के कार्मिनिक आम्ल असते. एक किलो वाळलेला माल मिळविण्यासाठी सुमारे दीड लाख किडे लागतात. पेरू हा देश त्याचा प्रमुख उत्पादक आहे. कार्मिनिक आम्ल हे त्या कीटकाचे संरक्षणाचे साधन आहे. मुंग्यांसारख्या भक्षकांना ते नकोसे वाटते. काही जातींची अळी मात्र कोचिनिल खाऊन हेच द्रव्य स्वतःच्या संरक्षणासाठी वापरते.

भारताचा कोचिनिलशी आलेला संबंध कृषिशास्त्राच्या दृष्टीने बोधप्रद आहे. किरमिजी रंगाचा व्यापार साधण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ साली, हा कीटक ब्राझीलमधून भारतात आणला गेला. प्रत्यक्षात आलेली जात डॅक्टिलोपियस सेलोनिकस ही निघाली. तिच्यापासून चांगला रंग मिळाला नाही, परंतु तिने निवडुंगाच्या एका उपद्रवी जातीचा मोठ्या प्रमाणावर नाश केला. कीटकाद्वारे तणाचे नियंत्रण झाल्याचे जगातील हे आरंभीचे उदाहरण मानले जाते. पुढे १९२६ मध्ये दक्षिण भारतात डॅक्टिलोपियस ओपन्शिए ही जात निवडुंगाच्या दुसऱ्या जातीच्या नियंत्रणासाठी हेतुपुरस्सर सोडण्यात आली. रानातील फड्या निवडुंगावर कापसासारखा पांढरा थर दिसतो व तो चिरडल्यास बोटे लाल होतात. तो याच कुळातील कीटक होय. असे रानातील किडे गोळा करून खाद्यपदार्थात वापरू नयेत. शुद्धीकरण न केलेल्या मालात कीटकांची प्रथिने राहतात. कार्मिनमुळे काही व्यक्तींना तीव्र ॲलर्जी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

लाखेचा कीटक, केरिया लॅक्का, हा खऱ्या अर्थाने भारतीय आहे. पळस, बोर व कुसुम या झाडांवर त्याची शेती होते. रंगीनी प्रकारापासून बैसाखी व कतकी, तर कुसुमी प्रकारापासून जेठवी व अगहनी अशी पिके घेतली जातात. झारखंड व छत्तीसगड ही प्रमुख उत्पादक राज्ये असून महाराष्ट्रात गोंदिया व गडचिरोली भागातील आदिवासी शेतकरी लाख घेतात. रांचीजवळील नामकुम येथे १९२४ साली स्थापन झालेली संशोधन संस्था या विषयावर शंभर वर्षांपासून कार्य करीत आहे. कच्ची लाख धुताना तिच्यातील लॅकाइक आम्ल हा लाल रंग पाण्यात उतरतो. अळिता याच रंगापासून तयार होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि हा रंग बाजूला पडला. आज बऱ्याच ठिकाणी तो धुण्याच्या पाण्याबरोबर वाया जातो. चीन व जपान येथे शुद्ध केलेला लाखरंग खाद्यपदार्थांत वापरला जातो. आपल्याकडे विक्रीच्या पदार्थात तो वापरण्यापूर्वी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या अद्ययावत यादीत त्याचे स्थान तपासावे. रंगारी कामासाठी विकला जाणारा लाखरंग खाण्यासाठी मुळीच वापरू नये.

लाखेची राळ, म्हणजे शेलॅक, मात्र आयएनएस ९०४ या क्रमांकाने जगभर मिठाईवरील चकाकीसाठी वापरली जाते. खाद्य दर्जाची शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळवून गोळ्यांवर तिचा अतिशय पातळ थर देतात. हा थर ओलावा रोखतो व गोळी चमकदार ठेवतो. घरगुती कामात पिठीसाखर पुरेशी असते, परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या गटाला शेलॅकचा पर्याय विचारात घेता येईल. त्यातून लाख उत्पादक शेतकऱ्याच्या मालालाही मागणी मिळते.

कृत्रिम रंग : मात्रेचे गणित

भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे : पोन्सो ४ आर, कार्मोइझिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो एफसीएफ, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू एफसीएफ आणि फास्ट ग्रीन एफसीएफ. गोळ्यांसाठी त्यांची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १०० भाग, म्हणजे एक किलो पदार्थात १०० मिलिग्रॅम अशी आहे.

या आकड्याचा व्यवहारातील अर्थ पाहावा. ३२५ ग्रॅम गोळ्यांना जास्तीत जास्त ३२ मिलिग्रॅम रंग चालतो. स्वयंपाकघरातील एक चिमूट सुमारे ३०० मिलिग्रॅमची असते. शुद्ध रंगाची एकच चिमूट घातली तर मर्यादा नऊ पटींहून अधिक ओलांडली जाते. साध्या काट्यावर ३२ मिलिग्रॅम मोजता येत नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे एक ग्रॅम रंग ५० मिलिलिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवावा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम रंग असतो. सुई नसलेल्या सिरिंजने एक मिलिलिटर द्रावण घेतल्यास गोळ्यांत दशलक्ष भागांत सुमारे ६२ भाग रंग येतो. तो डोळ्यांना पुरेसा दिसतो व मर्यादेतही राहतो. दोन रंग मिसळताना दोन्हींची बेरीज मर्यादेत असावी.

परवानगी असलेले रंगही जपून वापरावेत. २००७ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांनी काही रंगांचे मिश्रण आणि सोडियम बेंझोएट यांचा मुलांच्या चंचलतेशी संबंध असल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर युरोपीय संघाने २०१० पासून सहा रंगांवर इशारा छापणे बंधनकारक केले. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन व पोन्सो ४ आर हे चार रंग भारतातील यादीत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतील परवानगी मागे घेतली. नर उंदरांवरील प्रयोगांत आढळलेल्या गाठी हे त्यामागील कारण होते.

ऱ्होडामाइन-बी, मेटॅनिल यलो व ऑरामाइन हे कापड, कागद किंवा चामड्याचे रंग असून खाद्यपदार्थांत त्यांना कोणत्याही मात्रेत परवानगी नाही. ते स्वस्त व भडक असल्याने सुट्या पुड्यांतून विकले जातात. रंग घेताना बंद वेष्टन, परवाना क्रमांक, रंगाचे नाव व निर्मितीची तारीख पाहावी. घरगुती चाचण्यांवरून केवळ संशय घेता येतो. खात्री प्रयोगशाळेतील तपासणीनेच होते.

कीटकांपासून संरक्षण

कोरड्या कडक गोळीत पाणी इतके कमी असते की त्यात जिवाणू किंवा बुरशी वाढत नाही व साठवणीतील किडीही सहसा लागत नाहीत. गोळीत शेंगदाणे, तीळ किंवा सुकामेवा घातल्यास मात्र प्लोडिया इंटरपंक्टेला हा पतंग व ट्रायबोलियम कॅस्टेनियम हा लाल भुंगेरा यांचा प्रादुर्भाव होऊ शकतो. असे घटक वापरण्यापूर्वी भाजून व चाळून घ्यावेत.

मुंग्यांचा उपद्रव कृतीच्या वेळी व नंतर सांडलेल्या पाकामुळे होतो. मुंगी आपल्या वाटेवर गंधद्रव्य सोडते व इतर मुंग्या त्याचा माग काढतात. केवळ मुंग्या झटकल्याने गंध तसाच राहतो. साबणाच्या पाण्याने ती वाट पुसल्यास माग तुटतो. बरण्या पाण्याच्या ताटलीत ठेवाव्यात. मुंग्यांसाठीच्या खडूत व फवाऱ्यांत कीटकनाशक असते. त्यांचा वापर गोळ्या बनविण्याच्या ओट्यावर वा साठवणीच्या फळीवर करू नये.

मधमाश्या हा वेगळा विषय आहे. उन्हाळ्यात फुलोरा कमी असताना त्या पाकाच्या भांड्यांवर येतात व चिकटून मरतात. अशा वेळी फवारणी करणे अनुचित आहे. कारण मेलेली प्रत्येक कामकरी माशी परिसरातील पिकांच्या परागीभवनात घट आणते. जाळीदार खिडक्या, झाकलेली भांडी आणि सकाळी लवकर काम हे पुरेसे उपाय आहेत. फ्रान्समधील रिबोव्हिले येथे २०१२ मध्ये मधपाळांना पोळ्यांत निळा व हिरवा मध आढळला होता. जवळच्या बायोगॅस प्रकल्पात उघड्यावर ठेवलेल्या रंगीत गोळ्यांच्या कचऱ्यावरून माश्यांनी साखर उचलली होती. तो मध विकता आला नाही. रंगीत पाक धुतलेले पाणी उघड्यावर ओतू नये, हा त्यातून मिळणारा धडा आहे. परिसरात मधपेट्या असतील तर ही काळजी अधिक आवश्यक ठरते.

साठवण आणि विक्री

गोळ्या बनविण्यासाठी व भरण्यासाठी हवेतील आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांहून कमी असावी. कोकणात पावसाळ्यात हे काम टाळावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. प्रत्येक गोळी स्वतंत्र कागदात गुंडाळून काचेच्या हवाबंद बरणीत ठेवल्यास ती काही महिने चांगली राहते. फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते.

विक्रीसाठी लहान उत्पादकांना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. लेबलवर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक व वापरलेल्या रंगाचा उल्लेख असावा. शाकाहारी चिन्हाबाबत विशेष दक्षता हवी. लेबलविषयक नियमांत शेलॅक, मध व मेणमाशीचे मेण यांना मांसाहारी व्याख्येतून वगळले आहे, परंतु कार्मिनला अशी सूट नाही. कार्मिन वापरलेल्या गोळीवर हिरवे चिन्ह छापणे ही ग्राहकाची फसवणूक ठरते. शेलॅकबाबतही अनेक जैन व शुद्ध शाकाहारी ग्राहक चौकशी करतात. त्यांना स्पष्ट माहिती द्यावी.

समारोप

चांगली रंगीत गोळी तीन गोष्टींवर अवलंबून असते : १५० अंशांपर्यंत नेलेला पाक, योग्य वेळी घातलेले आम्ल आणि मोजून वापरलेला रंग. प्रथम हळद व कोकम यांच्या दोन घाण्यांवर हात बसवावा, मग गोकर्णाकडे वळावे. त्यांच्या छटा बाजारातील भडक गोळ्यांहून सौम्य दिसतील. ग्राहकाला त्या सौम्यतेचे कारण लेबलवर दोन ओळींत सांगितल्यास मुलांच्या हाती काय दिले जात आहे हे पालकांना कळते, आणि बचत गटाच्या मालाला विश्वासाचा ग्राहक मिळतो.